रोजच्या बोलण्यातले राजकारण : किती मनावर घ्यायचे?

चहाची टपरी, शिक्षकांची बसायची खोली, एस.टी.चा थांबा, पिठाची गिरणी, लग्नाचा मांडव ही आपल्याकडची बोलण्याची ठिकाणे. तेथे पाऊसपाणी, सोयरीक, बाजारभाव यांच्या जोडीने राजकारणही निघते. तिकीट कोणाला मिळाले, आरक्षण अजून किती वर्षे चालणार, अमक्या वस्तीतली पोरे अलीकडे कशी माजली आहेत, असे काहीबाही बोलले जाते. ऐकणाऱ्यांत एखादा दलित शिक्षक, कारकून किंवा विद्यार्थी असतो. तो बोलला, की त्याला सांगण्यात येते, ‘अहो, गप्पा चालल्यात. इतकं मनावर काय घेता?’ तो बोलला नाही, तर घरी जाऊन तोच स्वतःला विचारतो, आपण गप्प का बसलो?

सभा, मोर्चे, ठराव, निवडणुका यांवर आपण पुष्कळ लिहिले आणि बोललो. माणूस वर्षातून एखाद-दुसऱ्या सभेला जातो. गप्पांत मात्र तो रोज असतो. त्या गप्पांतले राजकारण किती गंभीरपणे घ्यायचे, याचा विचार त्यामानाने कमी झाला आहे. कार्यकर्त्यांत याची दोन सोपी उत्तरे ऐकू येतात. पहिले उत्तर असे, की बोलण्याने काय होते? सोडून द्यावे आणि शक्ती खऱ्या लढ्यासाठी राखावी. दुसरे उत्तर असे, की एकही शब्द सोडू नये. प्रत्येक वाक्याचा जागच्या जागी समाचार घ्यावा. पहिल्या उत्तराप्रमाणे वागणारा हळूहळू मुका होतो. दुसऱ्या उत्तराप्रमाणे वागणारा एकटा पडतो आणि थकतो. दोघांचीही चूक एकच आहे. बोलणे म्हणजे एकाच जातीची वस्तू आहे, असे दोघेही धरून चालतात.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, बोलण्याचे वजन बोलणाऱ्याच्या आवाजावरून किंवा त्याच्या हेतूवरून ठरत नाही. ते बोलणे खरे धरून लोक वागू लागले तर किंमत कोण मोजणार, यावरून ते ठरते. हे एकदा नीट समजले, की कोठे थांबायचे, कोठे हसून सोडायचे आणि कोठे पाय रोवून उभे राहायचे हे ठरवणे पुष्कळ सोपे होते.

१. बोलण्याचा अधिकार

सर्वांना सारखे बोलता येते, हे गृहीतच मुळात अलीकडचे आहे. जुन्या गावगाड्यात चावडी, पार आणि देऊळ या गावाच्या बोलण्याच्या जागा होत्या. चावडीच्या कामाचा मोठा भार महारावर होता. सांगावा पोचवायचा त्याने, सारा भरायला माणसे बोलवायची त्याने, वेशीची राखण करायची त्याने. दोन गावांत शिवेचा तंटा उभा राहिला तर हद्द कोठे आहे याबद्दल त्याचीच साक्ष महत्त्वाची मानली जाई. पण गावाने काय करावे हे ठरवताना त्याला तोंड नव्हते. त्याने सांगावा सांगायचा. मत सांगायचे नाही. गावाच्या राजकारणातला हा पहिला नियम होता, आणि तो कोठल्याही कागदावर लिहिलेला नव्हता. तो रोजच्या बोलण्यातच होता.

अभिवादनाचेच पाहा. महाराने गावातल्या माणसाला ‘जोहार’ घालायचा. आदिवासींत आपसांत जो जोहार होतो, तो बरोबरीचा. गावगाड्यातला जोहार मात्र खालून वर जाणारा. त्याच्या जागी ‘जय भीम’ आला. कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) यांच्याकडे या अभिवादनाच्या प्रसाराचे श्रेय दिले जाते. ‘जय भीम’मध्ये वर-खाली नाही. म्हणणारा आणि उत्तर देणारा एकच शब्द उच्चारतात. दिवसातून दहा वेळा, काही विशेष न करता, माणूस या दोन शब्दांनी जुना नियम मोडत असतो. म्हणूनच काही कार्यालयांत आणि काही गावांत आजही हे दोन शब्द कानाला खुपतात. साध्या रामरामाला कोणी राजकारण म्हणत नाही. ‘जय भीम’ला म्हणतात.

जी गोष्ट अभिवादनाची, तीच नावांची. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत दगडू, धोंडी, कचरू ही नावे घरोघर होती. मूल जगावे म्हणून असे नाव ठेवण्याची रीत इतर जातींतही होती. पण आपल्याकडे चांगले नाव ठेवले, तर गाव ते मोडून हाक मारी. वस्तीचे नाव तर जातीवरूनच असे. महाराष्ट्र शासनाने राज्यातल्या वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये घेतला. घटना अमलात येऊन सत्तर वर्षे झाल्यावर हा निर्णय घ्यावा लागला, यातच सगळे आले. पाटी बदलली आहे. पत्ता सांगताना रिक्षावाल्याच्या तोंडी कोणते नाव येते, हे आपापल्या गावात प्रत्येकाने ऐकून पाहावे.

अशा समाजात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला. पत्राचे नावच बोलता न येणाऱ्यांविषयीचे आहे. पुढे १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ आणि १९३० मध्ये ‘जनता’ आले. अक्षरओळख असलेले थोडे. म्हणून एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. वाचून झाले की त्यावर बोलणे व्हायचे. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी तेच राजकारण गाण्यात आणि वगात आणून वस्तीच्या अंगणात पोचवले. आपल्या चळवळीचा पाया असा बोलण्यानेच घातला गेला. तेव्हा ‘बोलण्याने काय होते?’ हा प्रश्न आपल्या तोंडी शोभत नाही.

२. ‘राजकारण नको’ हे वाक्य कोणाचे?

बैठकीत कोणीतरी हमखास म्हणते, ‘राजकारण सोडा हो, दुसरं काहीतरी बोला.’ हे वाक्य निरुपद्रवी वाटते. पण राजकारण सोडून बोलण्यासारखे दुसरे काहीतरी कोणाकडे असते? ज्याच्या पाण्याचा, जागेचा, नोकरीचा प्रश्न पूर्वीच त्याच्या बाजूने सुटलेला आहे, त्याच्याकडे. त्याला राजकारण हा क्रिकेटसारखा विषय वाटतो. रस असला तर बोलावे, नसला तर सोडावे.

आता दुसऱ्या बाजूचे बोलणे ऐका. वस्तीतल्या बाया नळावर बोलतात की टँकर गावात आला आणि आपल्या टोकाला येईपर्यंत रिकामा झाला. विद्यार्थी बोलतात की शिष्यवृत्ती अजून खात्यावर आली नाही आणि परीक्षेच्या अर्जाची तारीख उद्याची आहे. शहरात बदलून आलेला नोकरदार घर शोधायला निघतो. मालकीणबाई चहा विचारतात, गाव विचारतात आणि मग अगदी गोड आवाजात म्हणतात, ‘आडनाव काय म्हणालात?’ यांतले एकही वाक्य राजकारणाचे म्हणून बोललेले नाही. पण पाणी कोणत्या क्रमाने वाटायचे, शिष्यवृत्तीची रक्कम केव्हा सोडायची, कोणी कोठे राहायचे, हे सत्तेचेच प्रश्न आहेत. आडनाव विचारणे म्हणजे तर जात विचारण्याचा सभ्य मार्ग. म्हणजे एकाने राजकारणाचे नाव घेऊन केलेली गप्पा करमणूक असते, आणि दुसऱ्याने राजकारणाचे नावही न घेता केलेली तक्रार खरे राजकारण असते.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत जे भाषण केले, त्यात हा पेच स्पष्ट मांडला आहे. राजकारणात एक माणूस एक मत आणि एक मत एक मूल्य असे आपण मानणार, आणि सामाजिक व आर्थिक जीवनात मात्र हे मूल्य नाकारत राहणार, या विसंगतीकडे त्यांनी बोट दाखवले होते. ही विसंगती मतपेटीजवळ दिसत नाही. ती दिसते मतदान करून आल्यावर, त्याच गावात त्याच दिवशी होणाऱ्या बोलण्यात.

‘नावात काय आहे?’ हेही याच जातीचे वाक्य. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. त्यानंतर ‘नावाने काय पोट भरतं का?’ असा शहाणपणाचा उपदेश दलितांना करण्यात येत होता. आणि त्याच वेळी त्याच नावापायी मराठवाड्यात दलितांची घरे जाळली जात होती, माणसे मारली जात होती. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. नावात काहीच नसते, तर पंधरा वर्षांहून अधिक काळ एवढा विरोध कशासाठी झाला? तात्पर्य, ‘हे फार मनावर घेऊ नका’ असे जेव्हा समोरचा सांगतो, तेव्हा त्याने स्वतः ते किती मनावर घेतले आहे, हे आधी पाहावे.

३. आवईचे वजन

बोलण्याचे कृतीत रूपांतर कसे होते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण महाडचे आहे. सार्वजनिक पाणवठे व संस्था अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याप्रमाणे चवदार तळे खुले केल्याचे ठरवले. ठराव कागदावर होता. पाण्याला कोणी हात लावला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी परिषदेला जमलेले लोक बाबासाहेबांच्या मागून तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. शांतपणे गेले, शांतपणे मंडपात परतले.

त्यानंतर गावात एक वाक्य पसरले : आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. हे खरे नव्हते. परिषदेचा तसा काही कार्यक्रम नव्हता. पण त्या वाक्यावर जमाव गोळा झाला, काठ्या घेऊन मंडपावर चालून गेला, आणि जेवणाऱ्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांना झोडपून काढले. पाणी पिण्याचा हक्क दोन ठरावांनी मिळूनही अमलात यायला चार वर्षे लागली; एका खोट्या वाक्याचा अंमल काही तासांत झाला. याचे कारण उघड आहे. ठरावामागे उभी राहणारी माणसे गावात नव्हती. आवईमागे ती तयारच होती. मारायला निमित्त हवे होते, ते बोलण्याने पुरवले.

महाडचे आणखी एक वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे : ‘हे पूर्वापार असंच चालत आलंय.’ हे वाक्य आजही आपण पारावर ऐकतो आणि त्यापुढे निरुत्तर होतो. महाडच्या सवर्णांनी हेच म्हणणे न्यायालयात मांडले. दावा दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आलेले नाही. पारावर ज्याला कोणी पुरावा मागत नाही, त्याला न्यायालयात पुरावा मागितला गेला आणि तो देता आला नाही. एवढे जरी आपल्या शिक्षकांनी वर्गात सांगितले, तरी ‘पूर्वापार’ या शब्दाचा धाक पुष्कळ कमी होईल.

आवई जुन्या काळाबरोबर गेली असे समजू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप त्या दिवसांत लोकांच्या फोनवर फिरत होते. भिक्षा मागत पोटासाठी हिंडणारी ही भटकी माणसे. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारण्यात आले. निरोप पुढे धाडणाऱ्यांतल्या बहुतेकांना वाटले असेल, की आपण नुसते कळवले. पण आवई कोणावर पडते? ज्याच्यासाठी हमी द्यायला गावात कोणी नाही, त्याच्यावर. भटक्या-विमुक्तांविषयी सहज केलेले ‘चोर असतात ते’ हे विधान म्हणूनच सहज राहत नाही.

४. थट्टा आणि थाप

सुशिक्षितांच्या बैठकीत आवईपेक्षा थट्टा अधिक चालते. ‘सर, तुमचं काय बुवा, तुम्ही सरकारचे जावई!’ असे म्हणून सगळे हसतात आणि ज्याला उद्देशून म्हटले त्यानेही हसावे अशी अपेक्षा असते. हसला नाही तर त्याला विनोदबुद्धी नाही. या थट्टेचे काम काय? समोरच्याची पदवी, त्याचे श्रम, त्याच्या आईने धुणीभांडी करून भरलेली फी, हे सगळे एका शब्दात पुसून टाकणे. आर्थिक दुर्बल घटकांसाठी १० टक्के आरक्षण २०१९ मध्ये १०३ व्या घटनादुरुस्तीने आले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ते वैध ठरवले. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग या आरक्षणातून वगळलेले आहेत. त्या जागेवर लागलेल्या तरुणाला कोणी सरकारचा जावई म्हटल्याचे ऐकिवात आहे काय? नाही. तेव्हा राग आरक्षणाचा नसून आरक्षणाने कोण आत आले याचा आहे, हे थट्टाच सांगून टाकते.

थट्टेच्या पाठोपाठ थाप येते. सर्वांत लोकप्रिय थाप अशी : ‘बाबासाहेबांनीच आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी ठेवलं होतं.’ चांगले शिकलेले लोक हे सांगतात आणि आपलेही विद्यार्थी ऐकून गोंधळतात. वस्तुस्थिती अशी आहे. दहा वर्षांची मुदत घटनेच्या कलम ३३४ मध्ये होती, आणि ती लोकसभा व विधानसभांतल्या राखीव जागांपुरती होती. ती दर दहा वर्षांनी संसदेने वाढवली. १०४ व्या घटनादुरुस्तीने ती आता जानेवारी २०३० पर्यंत आहे. नोकऱ्यांतल्या राखीव जागांचा आधार कलम १६(४). त्यात अशी मुदत पहिल्यापासून नाही. शिक्षणातल्या जागांचा आधार कलम १५(४). ते १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले, त्यातही मुदत नाही. म्हणजे राजकीय जागांची मुदत उचलून ती शिक्षण आणि नोकरीला चिकटवण्यात आली आहे.

थट्टा आणि थाप यांना एकच उत्तर चालत नाही. थाप मारणारा पुष्कळदा स्वतः फसलेला असतो. त्याला कलम सांगावे, शांतपणे सांगावे, चारचौघांत सांगावे. कारण तो बदलला नाही तरी ऐकणाऱ्या चौघांतले दोघे बदलतात. थट्टेला मात्र कलम सांगून उपयोग नाही. तेथे विचारावे, ‘म्हणजे काय? जरा उलगडून सांगा.’ थट्टेचा अर्थ सरळ वाक्यात सांगायची पाळी आली, की सांगणाराच अडखळतो. संताप खर्च न करता काम होते.

५. कायदा कोठवर येतो

काही बोलणे कायद्याने गुन्हा ठरवले आहे. अस्पृश्यता घटनेच्या कलम १७ ने नष्ट केली. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. १९८९ मध्ये अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा आला आणि २०१५ च्या दुरुस्तीने तो अधिक व्यापक झाला. लोकांच्या नजरेला येईल अशा ठिकाणी अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा मानहानीच्या हेतूने अपमान करणे, किंवा जातीचे नाव घेऊन शिवीगाळ करणे, हा या कायद्याखाली गुन्हा आहे.

यातली ‘लोकांच्या नजरेला येईल अशा ठिकाणी’ ही अट कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. जागा खाजगी असली तरी बाहेरून दिसत असेल, तर ती या अटीत बसू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले, की घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेले बोलणे या कलमात बसत नाही. तेव्हा प्रसंग घडल्यावर कोणी ऐकले, कोठून ऐकले, नेमके शब्द काय होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवणे अगत्याचे आहे. नुसत्या संतापावर खटला उभा राहत नाही.

पण त्याहून मोठी गोष्ट ही, की बहुतेक बोलणे कायद्याच्या बाहेरच राहते. आडनाव विचारणे गुन्हा नाही. ‘तुम्ही त्यातले वाटत नाही’ ही स्तुतीही गुन्हा नाही. जातीचे बी जेथे पेरले जाते त्या माजघरात पोलिस जाऊ शकत नाही. तेथे जाऊ शकते ते दुसरे बोलणेच. वर्गातल्या शिक्षकाचे, मित्राचे, सोबत काम करणाऱ्या सवर्ण सहकाऱ्याचे. त्या सहकाऱ्यावर जबाबदारी अधिक आहे, कारण आपण नसताना जे बोलले जाते ते त्याच्यासमोर बोलले जाते.

६. आपल्या घरातले बोलणे

आता थोडे स्वतःकडे. आपल्या वस्तीत राजकारणावर कमी बोलले जाते असे नाही. पण काय बोलले जाते? अमुक नेता कोणत्या गटात गेला, कोणाने कोणाला फोडले, व्यासपीठावर कोणाची खुर्ची कोठे होती. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झाला. त्याच्या फुटीचा इतिहास आपल्या तरुणांना पाठ असतो, पण त्याच पक्षाच्या नेतृत्वाखाली दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे जे सत्याग्रह केले, गावोगावचे गायरान आणि पडीक जमीन कसणाऱ्याला द्या अशी जी मागणी लावून धरली, ती पुष्कळांना ठाऊक नसते. त्या मागणीचा उगम कोठल्याही नेत्याच्या बंगल्यात नव्हता. मजुरीवरून परतणारी माणसे संध्याकाळी जे बोलत, ते त्या सत्याग्रहांनी गंभीरपणे घेतले, एवढाच त्याचा अर्थ.

१९४९ च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविरुद्ध इशारा दिला होता. धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल. राजकारणात ती अधोगतीकडे नेते, असा त्याचा आशय. नेत्यांविषयीच्या कुजबुजीवरून दोन भाऊ वर्षभर बोलत नाहीत, एका विहारात दोन जयंत्या होतात, हे त्या भक्तीचेच फळ आहे. या बोलण्याची किंमत कोण मोजतो? नेता नाही. वस्ती मोजते. म्हणून कोण कोठे गेला हे बोलणे हलके घ्यावे. टँकर कोठे थांबला हे जड घ्यावे. आज आपण बरोबर उलटे करतो.

स्त्रियांच्या बोलण्याचेही असेच झाले. ‘बायकांच्या गप्पा’ म्हणून जे सोडून दिले, ते उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव जाऊन ऐकले, नोंदवले, आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये आले. परिषदांना गेलेल्या, वसतिगृहे चालवलेल्या, सत्याग्रहांत उभ्या राहिलेल्या स्त्रिया त्यात बोलल्या. ओट्यावरचे ते बोलणे वेळीच ऐकले गेले नसते, तर आंबेडकरी चळवळीचा अर्धा इतिहास त्यांच्याबरोबरच गेला असता. आजही विहारातल्या बैठकीत पुरुष पुढे बसून देशाचे राजकारण बोलतात, आणि रेशनचे धान्य किती किलो कमी मिळाले हे ज्यांना नेमके माहीत आहे त्या मागे चहा करत असतात.

आणखी एक दोष आपल्या निष्ठावंत कार्यकर्त्यांचा. बारशाला गेला तरी भाषण, मयताला गेला तरी भाषण. याच्या घरी जायला नातेवाईक कचरतात. मुले तो आला की उठून जातात. ज्या माणसाला दुसऱ्याचे हसणे, थकणे, नुसते बसणे सहन होत नाही, त्याच्या समतेवर लोकांचा विश्वास बसत नाही. आपल्या माणसांना विषय सोडून हसण्याचा हक्क आहे. शतकानुशतके ज्यांच्या हसण्यावरही पाळत होती, त्यांच्यासाठी तोही एक हक्कच आहे.

७. मग मोजायचे कसे?

वरच्या विवेचनावरून तीन प्रश्न हाती लागतात. कोणतेही बोलणे कानावर आले, की ते स्वतःला विचारावेत.

पहिला : हे खरे धरून लोक वागले, तर किंमत कोण मोजेल? बोलणाराच मोजणार असेल, तर ते त्याचे मत. त्यावर वाद घालावा किंवा सोडावे. तेथे हजर नसलेला कोणी दुबळा मोजणार असेल, तर गप्प बसू नये. आवई येथे येते.

दुसरा : या बोलण्यामागे हात तयार आहेत काय? एकटा म्हातारा ओट्यावर बसून जुने काही बरळतो, आणि तेच वाक्य निवडणुकीच्या तोंडावर पन्नास तरुणांच्या घोळक्यात बोलले जाते, या दोन गोष्टी एक नव्हेत. दुसऱ्या ठिकाणी वादविवाद करू नये. साक्षीदार, नोंद, पोलिस ठाणे, संघटना यांच्याकडे वळावे.

तिसरा : मी कोणासाठी उत्तर देतो आहे? आपला राग मोकळा करण्यासाठी, समोरच्यासाठी, की शेजारी बसून ऐकणाऱ्या पोरासाठी? पुष्कळदा खरा श्रोता तो तिसराच असतो. वर्गातल्या थट्टेला शिक्षक काय म्हणतात, याकडे मागच्या बाकावरचा एक मुलगा किंवा मुलगी पाहत असते. शिक्षक हसून सोडून देतात, की थांबतात, यावरून ते पोर ठरवते, की या शाळेत आपल्याला तोंड आहे की नाही.

हे तीन प्रश्न विचारूनही चुका होतील. कधी आपण उगाच भडकू, कधी उगाच गप्प बसू. त्याने काही बिघडत नाही. मात्र काही कामे प्रत्येक ठिकाणी लगेच सुरू करता येतील. विहारात किंवा वाचनालयात कलम १५(४), १६(४) आणि ३३४ यांची साध्या मराठीतली माहिती एका तक्त्यावर लावावी, म्हणजे थाप ऐकून आलेल्या विद्यार्थ्याला उत्तर शोधत हिंडावे लागणार नाही. वस्तीच्या बैठकीत पहिला अर्धा तास स्त्रियांनी बोलावे आणि ते वहीत उतरवून घ्यावे. फोनवर आलेला कोणताही निरोप, तो कोणाविरुद्ध आहे हे पाहिल्याशिवाय पुढे धाडू नये. आणि पुढच्या वेळी कोणी म्हणाले, ‘गप्पाच आहेत, मनावर घेऊ नका’, तर त्याला आदबीने विचारावे, ‘काका, हे खरं झालं तर तुमचं काय जाईल?’ त्याच्या उत्तरावरून पुढचे ठरवावे.